खाऱ्या पाण्यातली डाळ

हेवा हा शब्द मला फार मऊ वाटतो. मला जे वाटत आलं त्याला आमच्याकडे सरळ जळणं म्हणतात. ती पोरगी माझ्याच वर्गात होती, तिचा बाप आमच्याच वावरात मजुरीला यायचा, आणि मी तिच्यावर जळत होते. आता मी अकोल्यात लेकाच्या घरी असते, गुडघे धरून उठते, धरून बसते आणि अजूनही जळते. वय झालं की माणूस निवळतं असं लोक सांगतात. मी काही निवळले नाही.

आमचं गाव भातकुलीच्या पुढे, पूर्णा नदीच्या अंगाला. जमीन काळीभोर, कपाशी छातीला लागायची, पण विहिरींचं पाणी खारं. सगळा खारपाणपट्टाच तो. ते पाणी पिऊन आम्ही मोठे झालो, त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. अडायचं ते डाळीपाशी. तुरीची डाळ चुलीवर चढवली की दुपारभर रटरट करायची, लाकडं संपायची आणि दाणा तसाच दाताखाली कचकचायचा. मग त्यात चिमूटभर सोडा टाकायचा. डाळ शिजायची, पण वरणाला साबणासारखी चव यायची. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या घासाला थांबायचे आणि आमच्या बाया पदराआडून हसायच्या.

त्यामुळे आमच्या पट्ट्यात एक रीत होती. अमरावतीला जाणाऱ्या माणसाने रिकामी कळशी न्यायची आणि येताना गोडं पाणी भरून आणायचं. कोणी तारखेला कोर्टात गेला काय, दवाखान्यात गेला काय, मयतीला गेला काय, परतताना मोटारीत त्याच्या मांडीवर भरलेली कळशी असायचीच. त्या पाण्यात फक्त डाळ शिजवायची. त्याने कोणी तोंडही धुवायचं नाही.

डाळ शिजत का नाही, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. मी लहान असताना एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, ‘शिजत नाही मून शिजत नाही. जाय, सोडा आण.’ मी सोडा आणला.

मी सातवीत गेले तेव्हा शाळेत नवे मास्तर आले. अचलपूरकडचे, तरुण, एकटेच. हाताने रांधून खायचे. येऊन आठवडाही झाला नसेल, एक दिवस वर्गात आले ते उपाशी तोंडानेच. खुर्चीवर न बसता म्हणाले, ‘तुमच्या गावात डाळ शिजत नाही. काहून?’

सगळा वर्ग हसला. मी वर्गात पहिली असायची, त्यामुळे उत्तर देणं हे माझंच काम होतं. मी उभी राहिले आणि पुस्तकी मराठीत सांगितलं, ‘गुरुजी, त्यात सोडा घालायचा असतो.’

‘ते काय करायचं ते झालं,’ मास्तर म्हणाले. ‘मी विचारून राहिलो, काहून शिजत नाही.’

मी उभीच राहिले. मला कोणी असं परत विचारलंच नव्हतं. उत्तर दिलं की बसायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. ती शेवटच्या ओळीत बसायची. तिच्या घरच्यांनी आदल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून तिचा बाप तिला एक दिवस शाळा बुडवू देत नव्हता. ती बसल्या बसल्याच म्हणाली, ‘गुरुजी, पन्हाळीखाली पावसाचं पाणी धरलं तं त्यात तेच डाळ शिजते. मंग खोट डाळीत नाही, पाण्यात हाये.’

मास्तरांचा चेहरा मला अजून दिसतो. असा चेहरा माझ्यासाठी कोणाचा झाला नव्हता. वर्षानुवर्षं पहिला नंबर काढून मला ‘शाबास’ मिळत होतं, आणि हिने चुलीपाशी पाहिलेली गोष्ट सांगितली तर मास्तर उपाशी आहेत हेही विसरले. माझं जळणं तिथून सुरू झालं.

त्यानंतर शाळा सुटली की मास्तरांच्या खोलीपुढे आमचा उद्योग चालायचा. मला त्यात घेतलं होतं कारण डाळ आणि वातीचे दोन स्टोव्ह आमच्या घरून यायचे. माझे वडील गावातले मोठे कास्तकार, त्यांना नाही म्हणणं मास्तरांनाही जड गेलं असतं. एका पातेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं, दोन्हीत सारखीच डाळ. कधी पाणी आटवून पातेल्याच्या बुडाशी काय उरतं ते पाहायचं. विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर राहायचा, पावसाच्या पाण्याचं बूड लख्ख. कधी दोन्ही पाण्यांत साबण घासायचा. एकात फेस, दुसऱ्यात नुसता चिकचिकीत गाळ. मास्तर म्हणायचे, ‘जमिनीतले क्षार पाण्यात उतरतात आणि ते डाळीला मऊ होऊ देत नाहीत, असं पुस्तकात आहे. पुस्तक खरं सांगते की नाही ते आपण पाहू.’

मला हे वाक्य चमत्कारिक वाटायचं. पुस्तकात आहे तर पाहायचं कशाला?

ती मात्र विचारतच सुटायची. क्षार डाळीच्या वर बसतात की आत जातात? गोड्या पाण्यात मीठ घालून शिजवली तर? तिच्या निम्म्या गोष्टी चुकीच्या निघायच्या. चुकली तरी तिचं तोंड उतरायचं नाही, ती लगेच पुढचं काहीतरी काढायची. मी पक्कं ठाऊक असल्याशिवाय तोंड उघडत नसे, त्यामुळे मी कधी चुकले नाही. मास्तरांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

हिवाळ्यात बातमी आली की अमरावतीला एका हायस्कुलात जिल्ह्याच्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरणार. मास्तरांनी आमची डाळ न्यायचं ठरवलं. आमची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर अमरावती, आणि मुलीला अमरावतीला ठेवायचं हे आमच्या घरात कोणी मनातही आणत नव्हतं. मी रडून, उपाशी राहून विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, ‘नंबर आण. मंग पाहू हायस्कुलाचं.’ माझ्या वडिलांनी दिलेला शब्द गावात कोणी मोडलेला पाहिला नव्हता. म्हणजे माझं सगळं पुढचं शिक्षण त्या दोन पातेल्यांवर येऊन बसलं होतं.

बोलायला मास्तरांनी मला ठेवलं. माझी भाषा शुद्ध होती आणि परीक्षक शहरातले असणार होते. तिच्याकडे स्टोव्ह आणि पातेली. त्या निर्णयाने मला झालेला आनंद मी लपवला नाही. मास्तरांनी लिहून दिलेलं भाषण मी असं पाठ केलं की आत्या म्हणायची, ‘हे झोपेतबी डाळ नाही शिजली, डाळ नाही शिजली असं बडबडून राहिली.’

ही आत्या आमच्यासोबत अमरावतीला आली. मुली एकट्या मास्तरांबरोबर कशा पाठवणार? खारं पाणी आम्ही गावाहूनच न्यायचं ठरलं होतं, गोडं तिथे नळाला मिळणारच होतं. पितळी कळशी आमच्या विहिरीतून भरली, तोंडाला फडकं बांधलं, आणि भातकुलीपर्यंत बंडीत, पुढे मोटारीत ती कळशी त्या पोरीने मांडीवर धरून नेली. मोटारीतला एक म्हातारा तिला म्हणाला, ‘पोरी, कळशी भरून अमरावतीले जाऊन राहिली? उलटंच करून राहिली तू.’ सगळी मोटार हसली, ती पण हसली. मी खिडकीबाहेर पाहत भाषण म्हणत होते.

रात्री आम्ही धर्मशाळेत उतरलो. सकाळी नळाला पाणी आलं तशी आत्या सगळ्यांच्या आधी उठून रांगेत लागली. आत्याला प्रयोग काय ते कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे आत्यांना असलं काही सांगत नसत. तिने कळशीचं फडकं सोडलं, चाखून पाहिलं, गावचं खारं पाणी. वाटेत प्यायला आणलेलं उरलं असणार, असं तिने धरलं. ते तिने मोरीत ओतलं, कळशी राखेने घासली, काठोकाठ गोडं पाणी भरलं आणि फडकं होतं तसं बांधून ठेवलं. प्रदर्शन झालं की लगेच मोटार धरायची होती, पुन्हा नळ भेटतो न भेटतो. आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही बाईने हेच केलं असतं. मी तिथेच वेणी घालत बसले होते आणि माझ्या तोंडात भाषण होतं. पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकलाही असेल.

हायस्कुलाच्या मोठ्या खोलीत आमचं टेबल कोपऱ्यात होतं. बाजूला शहरातल्या मुलांची विजेची घंटा होती, ती सारखी वाजत होती आणि गर्दी तिच्यापाशीच होती. त्या पोरीने दोन स्टोव्ह पेटवले. एका पातेल्यात नळाचं पाणी, एकात कळशीतलं. परीक्षक येईपर्यंत डाळ छान रटरटली. परीक्षक म्हणजे चष्मा लावलेले, बंद गळ्याचा कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ. त्यांच्या मागे बरेच लोक जमले, आणि मी सुरुवात केली.

माझं भाषण सुरेख चाललं होतं. खारपाणपट्टा, क्षार, साबणाचा फेस, सगळं क्रमाने आलं. शेवटी मी हात करून म्हणाले, ‘आपण पाहू शकता की, पहिल्या पातेल्यातील डाळ पूर्ण शिजली आहे, परंतु दुसऱ्या पातेल्यातील डाळ मुळीच शिजलेली नाही.’

परीक्षकांनी दुसऱ्या पातेल्यातून चमचाभर डाळ घेतली आणि बोटांनी दाबली. तिचं पीठ झालं.

‘ही तर शिजली आहे,’ ते म्हणाले.

मी म्हणाले, ‘परंतु दुसऱ्या पातेल्यातील डाळ मुळीच शिजलेली नाही.’

लोक हसले. मला समोर शिजलेली डाळ दिसत होती, त्यांच्या बोटांना लागलेली दिसत होती, आणि माझ्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं. मास्तर पांढरे पडले होते. मला वाटलं, संपलं, गेलं आपलं हायस्कूल.

ती घाबरली नाही. हेच मला सहन होत नाही, ती साधी घाबरलीसुद्धा नाही. तिने दुसऱ्या पातेल्यातली डाळ दाबली, मग पहिल्यातली, मग परत दुसऱ्यातली. दोन्ही सारख्या लागल्या तसं तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी काळजीची नव्हती, तिला गंमत वाटत होती. मग ती कळशीपाशी गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि मास्तरांना म्हणाली, ‘गुरुजी, हे पाणी आपलं नोहे.’

‘आपलं नोहे म्हणजे?’

‘गोडं हाये हे. कोणी बदललं.’ तिने टेबलाखालचा साबण काढला आणि कळशीतलं ओंजळभर पाणी घेऊन तिथेच हात घासले. फेस कोपरापर्यंत आला. भिंतीशी बायांमध्ये बसलेली आत्या तेव्हा उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मीच भरलं न, घरी न्याले. ते खारं होतं, फेकून देल्लं. काय चुकलं काय?’

सगळी खोली हसली. कोटवाले परीक्षकही हसले. पण ते निघून गेले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, ‘म्हणजे तुमचा प्रयोग फसला म्हणायचा?’

‘फसला कसा?’ ती म्हणाली. ‘आमाले कोणाले मालूम नोहतं पाणी बदललं ते. डाळीनं सांगतलं.’

परीक्षकांनी शेजारचा बाक ओढला आणि ते बसले. विजेची घंटा वाजत होती, पण लोक आमच्या टेबलापाशी यायला लागले. तिच्या त्या अस्सल वऱ्हाडीत ती त्यांना सांगत होती, ते विचारत होते, मध्येच ती त्यांनाच उलट विचारत होती. क्षार वर बसतात की आत जातात, हेसुद्धा तिने त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘मला नक्की माहीत नाही, बाळ.’ मला त्यांनी काही विचारलं नाही. मी माझ्या शुद्ध मराठीसकट दोन पातेल्यांच्या मध्ये उभी होते.

कोणाला वाटेल, एवढी जळणारी मी, आत्याला मीच पाणी बदलायला लावलं असेल. माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तर निदान त्या दिवशी मीही एक प्रयोग केला असं म्हणता आलं असतं.

नंबर आमचा आला नाही, विजेच्या घंटेचा आला. आम्ही संध्याकाळी गावात पोचलो. वडील ओसरीवर बसले होते. ‘आला काय नंबर?’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ‘बरं,’ ते म्हणाले आणि गड्याला बैलांचं काहीतरी सांगायला लागले. माझ्या हायस्कुलाचा विषय त्या ‘बरं’मध्ये संपला. पुढच्या जूनमध्ये ती अमरावतीला शिकायला गेली. त्या परीक्षकांनी मास्तरांना पत्र घालून तिची वसतिगृहात सोय केली होती. पुढे ती एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. अकोल्यात डाळ शिजत होती, एवढं सुख.

माझं जळणं लोकांना तिच्या कॉलेजाचं वाटतं. माझ्या बहिणी अजून मला चिडवतात, ‘प्रोफेसरीणबाईचं नाव काढलं की हिचं तोंड पाहा.’ कॉलेजाचंही आहेच, नाही कशाला म्हणू? पण सगळ्यात जास्त मी जळते ती आम्ही परतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळवर.

तिचं एक पातेलं आमच्या बंडीत राहिलं होतं. ते द्यायचं निमित्त करून मी त्यांच्या वस्तीकडे गेले. घरी विचारलं नाही, विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं. तिचा बाप नुकताच वावरातून आला होता, पायांना माती तशीच होती. चुलीवर दोन गाडगी चढवली होती. एकात विहिरीचं पाणी, एकात मास्तरांनी तिच्याबरोबर दिलेलं अमरावतीचं बाटलीभर पाणी. तो चुलीपुढे उकिडवा बसून डाळ दाबून पाहत होता आणि ती त्याला प्रदर्शनातलं सगळं पहिल्यापासून सांगत होती. ती चार वाक्यं बोलली की तो म्हणायचा, ‘मंग काय झालं?’ नंबर आला काय, हे त्याने विचारलेलं मी ऐकलं नाही. तेही कधीतरी विचारलं असेल.

मी दारात दिसले तसा तो जरा गडबडला. मालकाची पोर दारात. पण लगेच त्याने हातातलं लाकूड सरकवून मला पोत्यावर बसायला जागा केली आणि म्हणाला, ‘तू तं तिथंच होती न, माय. तुले काय वाटते, काहून शिजत नसन?’

मला काय वाटतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. पाठ काहीच नव्हतं. तरी मी बोलले, आणि शुद्ध मराठी कुठे गेली कोण जाणे. ‘मले वाटते,’ मी म्हटलं, ‘खाऱ्या पाण्याले उकळी उशिरा येत असन. मून डाळीले वाफ भेटत नाही.’

‘असं बी असन,’ तो म्हणाला. ‘पाहू.’

त्याने दोन्ही गाडगी खाली उतरवली, माझ्या त्या एका वाक्यासाठी. डाळ वाटीत काढून ठेवली, एकात विहिरीचं, एकात बाटलीत उरलेलं असं नवं पाणी घातलं, सारखा जाळ लावला आणि आम्ही तिघंही वाकून पाहत बसलो. ती माझ्या शेजारी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मला तेव्हा तिचा राग येत नव्हता. थोड्या वेळाने एका गाडग्यात बुडबुडे आले आणि पाठोपाठ दुसऱ्यातही आले. जवळजवळ बरोबरच.

मी चुकले होते. मी तोंड खाली घातलं आणि हसण्याची वाट पाहिली. कोणी हसलं नाही.

‘हे तं नाही निघालं, माय,’ तिचा बाप म्हणाला. ‘दुसरं सांग.’

दुसरं मला सुचलंही होतं, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आमचा गडी मला शोधत त्या दाराशी आला. आत पाऊल न टाकता बाहेरूनच म्हणाला, ‘बाई, घरी बलावते, चला.’ मी उठले.

घरी पानं वाढली होती. गोड्या पाण्यातलं वरण होतं, आत्याने आणलेल्या. मी वडिलांच्या समोरच्या पाटावर बसले आणि जेवता जेवता म्हटलं, ‘बाबा, डाळ जर आधी गोड्या पाण्यात भिजवली न, तं...’

‘जेव चुपचाप,’ वडील म्हणाले. रागाने नाही, साधंच म्हणाले.

मी जेवले. तिकडे ती तेव्हा बापाला दुसरं सांगत असणार.